वैद्यकाची दुसरी पायरी

वैद्यकाच्या पदवीचा विषय निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘एम. बी. बी. एस. झालें, आतां पुढें काय ?’ साडेपांच वर्षें अभ्यास करून, त्यांतील शेवटचें वर्ष रुग्णालयांत उमेदवारी करून मुलगा डॉक्टर होतो, मुलगी डॉक्टर होते. पेढे वांटून होतात न होतात तोंच एम. डी. किंवा एम. एस. च्या प्रवेशपरीक्षेचीं जाडजूड पुस्तकें टेबलावर येऊन पडतात. पहिली पदवी म्हणजे केवळ दिंडीदरवाजा, खरा वाडा त्याच्या पलीकडे, अशी समजूत आपल्या मनांत पक्की होऊन बसली आहे. या दोन पायऱ्या कशा बांधल्या गेल्या, पहिलीवरून दुसरीवर कोण कसे चढले, आणि वर गेल्यावर त्यांनीं काय केलें, हा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. त्याचा आरंभ मुंबईंत भायखळ्याला होतो. परंतु त्यांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आमच्या रायगड जिल्ह्यांत घडलें आहे. तें सांगण्यासाठींच हा सारा प्रपंच.

मुंबईंत १८२६ सालीं सरकारनें देशी विद्यार्थ्यांकरितां एक वैद्यकशाळा काढली होती. तींत देशी भाषांतून शिक्षण दिलें जाई. ही शाळा १८३२ सालीं बंद पडली. पुढें गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनीं हा विषय पुन्हा हातीं घेतला. १८३८ सालीं ते वारले, परंतु त्यांच्या नांवाचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यानें उभें राहिलेलें रुग्णालय त्याच्या शेजारींच होतें, आणि डॉ. चार्ल्स मोरहेड हे कॉलेजचे पहिले मुख्य. १८५१ सालीं पहिली तुकडी बाहेर पडली. आपले डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या तुकडींतले. तेव्हां मुंबईला विद्यापीठच नव्हतें. म्हणून ‘ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर’ हीच त्यांची पदवी, आणि तिच्या वर चढावयास दुसरी पायरी येथें नव्हती. पुढें शिकावयाचें तें रुग्णाच्या उशाशीं बसून आणि आपल्याच जिज्ञासेच्या बळावर. भाऊ दाजींनीं महारोगावर औषध शोधण्याचा जो दीर्घ प्रयत्न केला, त्यास कोणत्याहि वरिष्ठ पदवीचा आधार नव्हता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८६० सालीं हें कॉलेज त्यास जोडलें गेलें. विद्यापीठानें जी पहिली वैद्यकीय परीक्षा ठेवली तिचें नांवच ‘लायसेन्शिएट’, म्हणजे परवाना मिळालेला असें होतें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळच्या पाट्यांवर ‘एल. एम. अँड एस.’ हीं अक्षरें असत, तीं याच परवान्याचीं. औषध देण्यास व शस्त्रक्रिया करण्यास हा मनुष्य लायक आहे, एवढेंच तीं सांगत. त्याच्या वरची पदवी एम. डी. ही. ती १८७६ सालीं अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं मिळविली, आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले एम. डी. होण्याचा मान त्यांच्याकडे गेला.

या पहिल्या एम. डी. नें पुढें काय केलें ? वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ घेऊन, त्याच्या पोथ्या ताडून, अरुणदत्ताच्या टीकेसह त्याची शुद्ध आवृत्ति त्यांनीं सिद्ध केली. ती १८८० सालीं छापून निघाली. पाश्चात्य वैद्यकाच्या सर्वोच्च परीक्षेंतून उतरलेला हा पुरुष परत वळून आपल्या घरच्या फडताळाकडे पाहूं लागला, आणि तेथें ठेवलेल्या ग्रंथाची नव्या शिस्तीनें झाडाझडती घेऊं लागला. साधन वरच्या पायरीवर मिळालें, पण विषय घरचा होता.

हाच प्रकार थोड्या निराळ्या रूपानें आनंदीबाई जोशी यांच्या बाबतींत दिसतो. १८८६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून त्या एम. डी. झाल्या. येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेंत एम. डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी आहे. मुंबईंत ती दुसरी. अक्षरें तींच, पायरी मात्र निराळी. परंतु पदवीकरितां त्यांनीं प्रबंध कोणत्या विषयावर लिहिला, तर आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. सातासमुद्रापलीकडे गेलेल्या वीस वर्षांच्या त्या मुलीनेंहि प्रश्न घरूनच नेला होता. पुढच्याच वर्षीं त्यांचें निधन झालें, म्हणून त्या प्रश्नाचें उत्तर घेऊन त्यांना आपल्या माणसांत काम करतां आलें नाहीं, ही महाराष्ट्राची मोठी हानि होय.

यानंतरच्या पन्नास वर्षांत दुसरी पायरी चढणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढली. पण वर गेल्यावर दार बंद आढळे. सरकारी कॉलेजांतील अध्यापकांच्या जागा बहुतांशीं इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांकरितां राखलेल्या असत. विलायतेहून मोठी पदवी घेऊन आलेल्या हिंदी डॉक्टरास खाजगी धंदा करण्यास कोणी अडवीत नसे, पण शिकविण्याची खुर्ची त्यास सहसा मिळत नसे. विद्या आहे, पण ती पुढच्या पिढीस देण्याचा अधिकार नाहीं, अशी ही विपरीत स्थिति होती. परळचें के. ई. एम्. रुग्णालय आणि त्यास जोडलेलें शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज हीं १९२६ सालीं सुरू झालीं, तीं हा अन्याय दूर करण्याच्या उद्देशानें. सरकारी नोकरींत नसलेल्या लायक हिंदी डॉक्टरांनाच तेथें अध्यापक नेमावें, अशी देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अटच होती. डॉ. जीवराज मेहता यांनीं या संस्थेची धुरा वाहिली. ते स्वतः ग्रँट मेडिकल कॉलेजचे एल. एम. अँड एस. होते, आणि पुढें लंडन विद्यापीठाचे एम. डी. झाले होते. म्हणजे दोन्ही पायऱ्यांचा त्यांस पूर्ण अनुभव होता.

याच काळांत गोमंतकांतील शिरोडें गांवचे विठ्ठल नागेश शिरोडकर हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून, १९२७ सालीं प्रसूतिशास्त्रांत मुंबईचे एम. डी. झाले, १९३१ सालीं त्यांनीं विलायतेंतील एफ्. आर. सी. एस्. ही पदवी मिळविली. कांहीं स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान वारंवार पडतो. अशा स्त्रिया त्यांच्या पाहण्यांत पुनःपुन्हा येत. गर्भाशयाचें मुख वेळेपूर्वीं सैल पडतें हें त्याचें एक कारण असल्याचें जाणून त्यांनीं तेथें टांका घालण्याची शस्त्रक्रिया बसविली, आणि १९५५ सालीं ती प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टांका’ या नांवानें ती जगभर ओळखली जाते. तात्पर्य, प्रश्न केवळ खेड्यांतच सांपडतो असें नाहीं. तो मुंबईच्या रुग्णालयांतहि सांपडतो. मात्र तो पुस्तकाच्या पानांत न सांपडतां खाटेवरच्या रुग्णापाशीं सांपडतो.

आतां आपण एक पाऊल मागें घेऊन पहिल्याच पायरीकडे पाहूं. कारण ती पायरीहि एक नव्हती, दोन होत्या. विद्यापीठाच्या पदवीधरांखेरीज वैद्यकशाळांतून शिकून बाहेर पडणारे परवानाधारक डॉक्टर असत. ग्रँट कॉलेजांत मराठी व गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग काढलेले होते; पुढें पुण्यास आणि अहमदाबादेस वैद्यकशाळा झाल्या. पुण्याची ती बैरामजी जिजीभाई मेडिकल स्कूल; तिचा पाया १८७८ सालीं घातला गेला. मुंबईंत १९१२ सालीं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली, तिचे एल. सी. पी. एस्. डॉक्टर आमच्या कोंकणांत तालुक्यातालुक्याच्या गांवीं दिसत. सामान्य जनतेच्या घरीं ताप, प्रसूति, हगवण अशा वेळीं धांवून जाणारा डॉक्टर बहुधा असाच परवानाधारक असे.

१९४३ सालीं सरकारनें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्याची पाहणी करणारी समिति नेमली, आणि १९४६ सालीं तिचा अहवाल बाहेर पडला. त्या वेळीं ब्रिटिश हिंदुस्थानांत नोंदलेल्या ४७,५२४ डॉक्टरांपैकीं १७,६५४ पदवीधर होते, तर २९,८७० परवानाधारक. म्हणजे दर पांच डॉक्टरांपैकीं तीन खालच्या शाळांतून आलेले होते. समितीनें बहुमतानें असें ठरविलें कीं, दोन दर्जांचे डॉक्टर नसावेत. सर्व देशांत एकाच प्रतीचा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार व्हावा. कांहीं सभासदांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असतां कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करणें शहाणपणाचें नव्हे. वाद आजहि मिटलेला नाहीं. कारण दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. परंतु निर्णय झाला. वैद्यकशाळा एक तर बंद झाल्या किंवा कॉलेजें बनल्या. पुण्याची शाळा १९४६ सालींच बी. जे. मेडिकल कॉलेज झाली. जुन्या परवानाधारकांपैकीं अनेकांनीं नंतर संक्षिप्त अभ्यासक्रम पुरा करून एम. बी. बी. एस्. ही पदवी घेतली. संसाराचा भार वाहत, गांवचा दवाखाना सोडून पुन्हा बांकावर जाऊन बसणाऱ्या त्या प्रौढ विद्यार्थ्यांची आठवण आपण ठेविली पाहिजे.

याच भोर अहवालांत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, खेड्यापाड्यांकरितां प्राथमिक आरोग्य केंद्रें असावींत. आरंभीं चाळीस हजार वस्तीला एक या प्रमाणानें तीं काढावींत. दुसरी अशी कीं, उच्च वैद्यकीय शिक्षणाकरितां एक अखिल भारतीय संस्था असावी. ती पुढें १९५६ सालच्या कायद्यानें दिल्लीस अस्तित्वांत आली. एकाच अहवालानें इमारतीचा पायाहि आंखला आणि कळसहि. या दोहोंना जोडणारा जिना मात्र आंखावयाचा राहिला, असें मला वाटतें. पायथ्याच्या आरोग्यकेंद्रांतून कोणी डॉक्टर प्रश्न घेऊन वर जाईल आणि उत्तर घेऊन खालीं येईल, याची व्यवस्था कागदावर कोठेंच स्पष्ट नव्हती. तो जिना एका तरुणानें आपल्या पायांनीं घडविला, आणि तो आमच्या जिल्ह्यांत.

आमचें खांब हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर, रोहा तालुक्यांत, नागोठण्याच्या पुढें व कोलाडच्या अलीकडे आहे. याच रस्त्यानें कोलाड, इंदापूर, माणगांव, लोणेरे मागें टाकीत गेलें म्हणजे महाड येतें. हा सारा मुलूख भातशेतीचा, लाल मातीचा आणि जांभ्या दगडाचा. भाताचे भारे, पेंढ्याच्या उडव्या, रचून ठेविलेलीं कौलें, विटांचे ढीग, बांधाचे दगड, या सर्वांच्या आडोशास लाल विंचू राहतो. इंगळी नांवाचा मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर, पण त्याच्या दंशानें प्राण सहसा जात नाहीं. हा लाल विंचू आकारानें लहान, पण फार घातक. विंचवावर एकनाथांनीं भारूड रचलें आहे, इतका हा प्राणी आपल्या ओळखीचा. परंतु शहरांतील श्रोत्यांना तें भारूड ठाऊक असतें. रात्रीं पेंढा काढावयास गेलेलें लेंकरूं सकाळ पाहत नाहीं, हें ठाऊक नसतें. मांत्रिक होते, झाडपाला होता, डॉक्टरांचीं इंजेक्शनेंहि होतीं. आणि तरीहि धडधाकट माणसें दगावत. १९६१ सालीं डॉ. मुंडले यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतें, अशी नोंद प्रसिद्ध केली होती. रोगाचें एक टोंक त्यामुळें हातीं लागलें, पण उपाय सांपडला नव्हता.

अशा स्थितींत १९७६ सालीं हिंमतराव बावस्कर नांवाचे एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. आमचा जिल्हा तेव्हां कुलाबा या नांवानें ओळखला जाई. रायगड हें नांव १९८१ सालीं पडलें. डॉ. बावस्कर मूळचे मराठवाड्यांतले, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवचे. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजांतून ते एम. बी. बी. एस्. झाले होते. लाल विंचवाच्या दंशानें होणारे मृत्यु त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. अशा वेळीं नवा डॉक्टर एक तर बदलीचा अर्ज करतो किंवा ‘येथें असेंच चालतें’ असें म्हणून सरावतो. यांनीं तिसरा मार्ग धरला : प्रत्येक रुग्णाशेजारीं बसून काय घडतें तें टिपून ठेवण्यास आरंभ केला.

त्यांना दिसलें तें असें. ज्या रुग्णास दंशाच्या जागीं असह्य वेदना होतात, पण घाम, वांति वगैरे कांहीं होत नाहीं, तो बहुधा वांचतो. ज्यास दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी व रक्तदाब विचित्र वागूं लागतात, त्याच्या जिवास धोका असतो. कांहीं तासांनीं त्यास दम लागतो, तोंडाला फेंस येतो आणि हृदय थकून तो जातो. धोक्याचीं हीं पूर्वचिन्हें सांगणारा त्यांचा निबंध १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य पत्रांत प्रसिद्ध झाला. खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत केवळ डोळे, बोटें व वही यांच्या साहाय्यानें केलेलें हें काम होतें. पहिल्या पदवीचें सामर्थ्य केवढें असूं शकतें, याचें हें प्रमाण होय.

परंतु धोका ओळखणें निराळें आणि तो टाळणें निराळें. येथें पहिली पदवी अपुरी पडते. हृदयावर इतका ताण कां येतो, रक्तवाहिन्या कां आकसतात, त्यांना सैल करणारीं औषधें कोणतीं, तीं किती द्यावींत, हें शिकण्यास मोठें रुग्णालय आणि अनुभवी गुरु लागतात. डॉ. बावस्कर यांनीं पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांत वैद्यकशास्त्र हा विषय घेऊन एम. डी. केलें. जी संस्था एकेकाळीं परवानाधारक डॉक्टर घडविणारी शाळा होती, तीच आतां दुसऱ्या पायरीचें शिक्षण देत होती. आणि एम. डी. झाल्यावर या गृहस्थांनीं मुंबई-पुण्यास पाटी लावली नाहीं. ते पुन्हा याच भागांत, पोलादपूर-महाडकडे परत आले.

त्यांच्या उपचाराचें मर्म सोप्या भाषेंत सांगण्याजोगें आहे. लाल विंचवाचें विष मज्जातंतूंना असें चेतवितें कीं, अॅड्रिनलीनसारखीं द्रव्यें रक्तांत एकाएकीं लोटतात. त्यामुळें सर्व शरीरांतील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि बंद पडत चाललेल्या नळांत पाणी दाबणाऱ्या पंपाप्रमाणें हृदयाची दमछाक होते. तेव्हां उपाय वाहिन्या सैल करण्याचा. प्रथम त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड हें औषध वापरलें. पण तें शिरेवाटे थेंबाथेंबानें सोडावें लागतें, आणि डॉक्टरास रक्तदाबावरून नजर काढतां येत नाहीं. नंतर त्यांनीं प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची गोळी निवडली. ती तोंडानें घेतां येते, तिची किंमत थोडी, आणि कोणत्याहि खेड्यांतील दवाखान्यांत ती ठेवतां येते. या उपचाराचा वृत्तांत १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला, लेखकांत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेंहि नांव होतें. पूर्वीं गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत. या उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें.

काम येथेंच थांबलें नाहीं. विंचवावरची प्रतिलस प्राझोसिनच्या जोडीस दिली तर अधिक गुण येतो काय, हा पुढचा प्रश्न. महाडच्या आपल्या रुग्णालयांत सत्तर रुग्णांच्या दोन सारख्या तुकड्या करून या दांपत्यानें त्याची परीक्षा पाहिली. दोन्ही औषधें मिळालेल्या पस्तिसांपैकीं बत्तीस रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या पस्तिसांपैकीं आठ. हा निष्कर्ष २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें प्रसिद्ध केला. २०२२ सालीं भारत सरकारनें डॉ. हिंमतराव बावस्कर यांस पद्मश्री दिली. मान योग्यच, परंतु ज्या घरांतील मूल वांचलें, त्या घरांस हें पद्मश्रीच्या पुष्कळ आधीं कळलें होतें.

श्रोतेहो, आतां या इतिहासाचा अर्थ काय लावावयाचा ? ‘प्रत्येक डॉक्टरानें आधीं खेड्यांत जावें’ असा सोपा उपदेश करून मी मोकळा होणार नाहीं. तसा उपदेश करणें अन्यायाचें होईल. आज साडेपांच वर्षांच्या अभ्यासावर एम. डी. चीं आणखी तीन वर्षें चढतात. दरम्यान प्रवेशाच्या खटपटींत एकदोन वर्षें निघून जातात. वय तिशीकडे झुकतें, विवाह लांबतो, कर्ज असल्यास व्याज वाढतें. २०१७ सालापासून देशांतील बहुतेक सर्व कॉलेजांस मिळून एकच प्रवेशपरीक्षा आहे. तींत पर्यायांतून अचूक उत्तर निवडावयाचें असतें. रुग्णाशेजारीं रात्र जागणाऱ्या उमेदवाराचा प्रतिस्पर्धी त्या रात्रीं पुस्तक वाचीत बसलेला असतो. अशा शर्यतींत मुलानें रुग्णाकडे पाठ फिरवून पुस्तकाकडे तोंड केलें, तर दोष एकट्या मुलाचा नव्हे. शिवाय, ज्यांस आरोग्यकेंद्रांत काम करून पुढें शिकावयाचें आहे, त्यांना मागें खेंचणारी व्यवस्था असेल तर त्यागाचीं प्रवचनें ऐकवून काय उपयोग ?

समाधानाची गोष्ट ही कीं, जिना बांधण्याचे कांहीं प्रयत्न अलीकडे झाले आहेत. सरकारी सेवेंत असलेल्या डॉक्टरांकरितां पदव्युत्तर प्रवेशांत राज्यांना राखीव जागा ठेवतां येतील, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. त्याच वर्षीं झालेल्या नियमानें प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास शिक्षणाच्या काळांत तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करणें आवश्यक ठरलें. आमच्या जिल्ह्यांत अलिबागेस आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें आहे. वरून खालीं तीन महिने येण्याची ही सोय चांगली आहे. पण खालून प्रश्न घेऊन वर जाणें, हें त्याहून मोलाचें आहे, असें इतिहास सांगतो. तीन महिन्यांचा पाहुणा घरांतील अडचण पाहतो. ती सोसलेली नसते.

भाऊ दाजींना वरची पायरीच नव्हती, तरी प्रश्न होता. कुंट्यांनीं वर जाऊन घरच्या ग्रंथाकडे पाहिलें. आनंदीबाईंनीं घरचा विषय समुद्रापार नेला. शिरोडकरांना प्रश्न मुंबईच्या प्रसूतिकक्षांत सांपडला. बावस्करांना तो बिरवाडीस सांपडला. उत्तराचें साधन पुण्यास मिळालें आणि उत्तर महाडास लागू पडलें. या सर्वांत समान धागा एकच : दुसरी पदवी ही त्यांच्या दृष्टीनें पहिलीवरून सुटण्याची वाट नव्हती, पहिलीनें जेथें हात टेंकले तेथें पुढें जाण्याचें तें साधन होतें. हें सूत्र सुटलें म्हणजे पदवीची अक्षरें वाढतात, पण रुग्णाचें दुःख होतें तेवढेंच राहतें.

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरानें डॉक्टरांच्या शिक्षणाविषयीं सल्ला देणें हें कदाचित् अधिकारातिक्रमण ठरेल. पण मास्तराचा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत जातो, म्हणून एक प्रश्न आपल्या हातीं ठेवतों. आपल्या घरांतील नवा डॉक्टर जेव्हां ‘मी आतां एम. डी. ला जातों’ असें म्हणेल, तेव्हां कोणत्या शाखेंत मिळकत अधिक, कोणत्या शहरांत जागा मिळेल, हें विचारण्याआधीं त्यास एवढेंच विचारावें : ‘बाळ, असा कोणता रुग्ण तूं पाहिलास कीं ज्याला तुला बरें करतां आलें नाहीं ?’ या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं असेल तर त्यास खुशाल जाऊं द्यावें, कर्ज काढूनहि धाडावें. नसेल, तर पुस्तक मिटून आणखी कांहीं दिवस त्यानें रुग्णाच्या उशाशीं बसावें. वरची पायरी कोठें पळून जात नाहीं.